पेडलबोर्ड की मल्टी? अठरा हजारांचा हिशोब अठ्ठावीसवर गेला

पराटीतला_गिटारवाला
२४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

रामराम मंडळी. मी मारेगाव तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. दिवसा वावर, रात्री गिटार. आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे आमचा. गणपती, देवी, भीमजयंती, शंकरपट, हळद, जे भेटते ते वाजवतो. आतापर्यंत माझं सगळं काम एका पेडलवर, म्हणजे पायानं दाबून गिटारचा आवाज बदलाच्या डबीवर चाललं, तेही मित्राचं: बॉस कंपनीचं केशरी डीएस-१, आवाज फाडाचं (डिस्टॉर्शन), बरंच जुनं. आता त्याचा दिवा मिणमिणते अन् आवाज आजाऱ्यासारखा निघते. नवी बॅटरी टाकली की ठीक, अ‍ॅडॅप्टर लावला की पुन्हा तेच रडगाणं. खराब झालं म्हणून परत देऊन टाकलं.

पहिल्या वेच्याचा कापूस विकला, त्यातून पंचवीस हजार गिटारसाठी काढले. घरून ताकीद आहे की याच्यावर एक रुपयाही जास्त गेला तं गिटार धुऱ्यावर पुरली जाईल.

नागपूरला सीताबर्डीत फिरून भाव लिहून आणले. चिनी मिनी ट्यूनर २,२००. ओव्हरड्राइव्ह (थोडा फाटका आवाज), तेही मिनी, २,८००. नवीन डीएस-१ ६,२००. कोरस (आवाज दाट करते) ३,०००. डिले (आवाजाचा पडसाद देते) ३,८००. झाले अठरा हजार. मी खुश. मंग दुकानदार म्हणे, या पाचाले करंट कुठून देता? वेगवेगळ्या आउटपुटचा पॉवर सप्लाय ५,५००. पेडल पेडलले जोडाच्या छोट्या केबला ३५० ले एक, चार लागतात अन् दोन जास्तीच्या, २,१००. बॅग १,८००. बोर्ड आमच्या सुताराकडून प्लायचा करून घेतला तरी ६००. अठ्ठावीस हजार! म्हणजे दहा हजार रुपये अशा गोष्टीचे ज्यातून आवाजच निघत नाही.

त्याच दुकानात झूमचं जी१एक्स फोर साडेदहा हजाराले होतं. ट्यूनर, डिले, कोरस, वाहचं पेडल, सगळं एकात, म्हणजे मल्टी. मनात आलं तेच घेऊन घ्यावं. पण ऑर्केस्ट्र्यातले जुने लोक म्हणतात मल्टीचा आवाज प्लास्टिकचा असते. काय करू?

पुण्यातला_अकोलेकर
२४ नोव्हेंबर, रात्री ९.५५

भाऊ, पेडलच घ्या, आणि एकदम पाच घेऊ नका. यंदा दोन, पुढच्या कापसाला दोन. डीएस-१ १९७८ पासून बाजारात आहे. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर १९७९ चा, त्याच्या नकला आजही निघताहेत. आज घेतलेलं पेडल दहा वर्षांनी विकलंत तरी पैसे येतील. मल्टीचं काय, दर तीन-चार वर्षांनी नवीन मॉडेल येतं आणि जुन्याला कोणी विचारत नाही. शिवाय पेडलला बटण असतं, ते फिरवायचं, झालं. मल्टीत मेन्यू, त्या मेन्यूच्या आत मेन्यू. स्टेजवर अंधारात वाकून स्क्रीन वाचत बसणार का?

मल्टी म्हणजे पंगतीतलं ताट. सगळं वाढलेलं, चव कशालाच नाही.

झाडीतला_तारवाला
२४ नोव्हेंबर, रात्री ११.४०

अकोलेकर साहेब, आमच्या इकडच्या पंगतीत एकदा बसा जी, मग चवीचं बोला.

मी वडसा भागातला. झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवतो. दिवाळी झाली, धान निघाले की आमचा सीझन सुरू, तो होळीपर्यंत. रोज वेगळं गाव. नाटक रात्री दहा-साडेदहाला उभं राहते आणि पहाटे पडदा पडते. आमची बसायची जागा स्टेजच्या खाली, समोर: ऑर्गन, तबला, पॅड आणि कोपऱ्यात मी. गाडीतून सामान उतरल्यावर वायरी जोडायला वीस मिनिटं भेटली तर नशीब.

माझाही पाच पेडलचा बोर्ड होता. दोन सीझन चालवला. पहिल्या सीझनमध्ये किती वेळा आवाज बंद पडला ते लिहून ठेवलं होतं: अकरा वेळा. त्यातली नऊ वेळा पेडल चांगलं होतं, मेली होती मधली केबल. मेटाडोरमध्ये मागच्या बाजूला सामान कसं आदळते तुम्हाला माहीतच आहे. रात्री दीड वाजता, खलनायकाच्या एंट्रीला, आठ टोकांपैकी कोणतं टोक हललं ते मोबाईलच्या टॉर्चनं शोधा. समोर पब्लिक. एकदा तर आमच्या खलनायकानं एंट्री घेऊन वर पाहिलं, खाली पाहिलं, नुसतं पॅड वाजलं आणि तो तसाच हसला. लोकांना वाटलं हा नवीन प्रकार आहे.

आता चार वर्षं झाली, मल्टी वापरतो. एक केबल आत, एक बाहेर. चार पेन्सिल सेल टाकले की माझं नाटक निघून जाते. लाईन गेली तरी सेटिंग जिथल्या तिथं. आणि बसून वाजवतो ना, म्हणून ते उजव्या पायाजवळ लाकडी पाटावर ठेवतो, अंगठ्यानं दाबतो.

आवाजाचं म्हणाल तर हो, डीएस-१ लावल्यावर हाताखाली जे जाणवायचं ते यात जाणवत नाही. हे मी मान्य करतो. पण ते मलाच जाणवते. तीन हजार माणसांत दुसऱ्या कोणाला नाही.

पराटीतला_गिटारवाला
२५ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

अकरातले नऊ वेळा केबल! हे कोणी सांगतच नाही.

एक अजून इचारतो. तो साडेपाच हजाराचा सप्लाय लागतेच का? पाच तोंडाची एक वायर भेटते, दोन-अडीचशेची. एकच अ‍ॅडॅप्टर अन् पाचही पेडल. पैसे तिथंच वाचतात ना?

सोल्डर_काका
२५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

वर्धा जिल्ह्यात माझं टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. वाजवत नाही, वाजवणाऱ्यांचं सामान उघडतो. त्यामुळे सावकाश लिहितो.

पाच तोंडांची वायर चालते. पण तिच्यावर डिजिटल डिले आणि डिस्टॉर्शन एकत्र आले की बहुतेक वेळा बारीक शिट्टी ऐकू येते. डिलेच्या आतल्या घड्याळाची ती गडबड पॉवरच्या वायरीतून डिस्टॉर्शनमध्ये शिरते, आणि डिस्टॉर्शनचं कामच मुळात बारीक आवाज मोठा करणं. म्हणून वेगळ्या आउटपुटचा सप्लाय. गरिबाचा उपाय: डिलेला वेगळा अ‍ॅडॅप्टर, डिस्टॉर्शनला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. डीएस-१ जेमतेम चार मिलिअँपिअर खातं, बॅटरी कितीतरी कार्यक्रम पुरते. वाजवून झालं की इनपुटची पिन तेवढी काढून ठेवायची, नाहीतर पेडल चालूच राहतं. डिजिटल डिलेला बॅटरी लावू नका, एका रात्रीत संपवेल.

दुसरं. अ‍ॅडॅप्टर जोडण्याआधी त्याच्यावरचं चित्र बघा. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात, आणि मधली पिन निगेटिव्ह. माझ्याकडे वर्षाला दोन-तीन तरी पेडलं येतात ज्यांना कोणीतरी कीबोर्डचा बारा व्होल्टचा, मधली पिन पॉझिटिव्ह असलेला अ‍ॅडॅप्टर खुपसलेला असतो. कधी आतला संरक्षणाचा डायोड स्वतः जळून पेडल वाचवतो. दोन रुपयांचा डायोड, पन्नास रुपये माझी मजुरी. मल्टीच्या बाबतीत असं झालं तर मी हात जोडतो. त्यातले पार्ट मुंगीच्या डोक्याएवढे, आणि बोर्डचा नकाशा कंपनीशिवाय कोणाकडे नाही. अकोलेकरांचा हा मुद्दा खरा आहे: पेडल गावात दुरुस्त होतं, मल्टी होत नाही.

तिसरं, आपल्या भागाचं. एका देवीच्या मंडपात मी स्वतः उभा होतो. डीपीपासून मंडपापर्यंत वायर आणलेली, सांध्याला नुसता पीळ. आरती झाली, ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि न्यूट्रल सुटला. अर्ध्या मंडपाचे हॅलोजन दुप्पट उजेडानं पेटले, अर्धे विझल्यासारखे झाले. तशा वेळी एका बाजूला दोनशे तीसच्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट जाऊ शकतात. कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर गेला, गिटारवाल्या पोराच्या मल्टीचा अ‍ॅडॅप्टर गेला. पोरानं दोन मिनिटांत पेन्सिल सेल टाकले आणि पुढचं गाणं वाजवलं. अ‍ॅडॅप्टर मेला, पेटी वाचली. म्हणून मल्टी घेतलंत तर सेलवर चालणारंच घ्या.

आणि हो, त्या आजारी डीएस-१ च्या बुडाला एक लेबल असतं. त्याच्यावर अ‍ॅडॅप्टरचं कोणतं नाव छापलंय ते बघून सांगा. मला एक शंका आहे.

पराटीतला_गिटारवाला
२५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

पेडल मित्राकडं आहे काका, तो वणीले राह्यते. गेलो की पाह्यतो.

संगीतशिक्षिका
२५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

तुमच्या मागे गिटारचा अ‍ॅम्प असतो का?

पराटीतला_गिटारवाला
२५ नोव्हेंबर, रात्री ९.२२

नाही ताई. कायचा अ‍ॅम्प. साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये डायरेक्ट पिन.

संगीतशिक्षिका
२५ नोव्हेंबर, रात्री १०.००

मग पेडलबोर्डचा तुमचा हिशोब अठ्ठावीस हजारांवर थांबत नाही.

डिस्टॉर्शनचं पेडल बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की पुढे गिटारचा अ‍ॅम्प आहे आणि त्यात गिटारचाच स्पीकर आहे. तो स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाही. डिस्टॉर्शनमधून निघणारी किरकिर बरीचशी त्याच्या वरची असते, ती तिथे गळून जाते. मंडपातल्या टॉपला, म्हणजे साउंडवाल्याच्या वरच्या स्पीकर पेट्यांना, वेगळे हॉर्न आणि ट्विटर असतात, ते पंधरा हजारांपर्यंत सगळं इमाने इतबारे ऐकवतात. म्हणून तेच पेडल थेट मिक्सरला लावलं की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाजतं. साउंडवाला म्हणतो गिटार टोचते आणि तुमचा आवाज खाली ओढतो. सगळ्या रात्री तुम्हाला वाटत राहतं की आपलं पेडल वाईट आहे.

यावर उपाय म्हणजे स्पीकरची नक्कल करणारं आणखी एक पेडल, साखळीत सगळ्यात शेवटी. तेही मिनीच घेतलं तरी पाच-साडेपाच हजार. मल्टीत ती नक्कल आतच असते.

मी बुलढाणा जिल्ह्यात शिकवते. दर वर्षी स्नेहसंमेलनात एखादा मुलगा काकांचं डिस्टॉर्शन पेडल घेऊन येतो आणि मिक्सरला लावतो, मग मुख्याध्यापक कानावर हात ठेवतात. मुलगा चांगलं वाजवत असतो हो.

पुण्यातला_अकोलेकर
२५ नोव्हेंबर, रात्री १०.४०

अ‍ॅम्प नाही हे आधी सांगायचं ना राजेहो! मी खोलीत अ‍ॅम्पपुढे बसून सल्ला देत होतो. थेट मिक्सर असेल तर ताईंचं बरोबर आहे. पेडलांचा हिशोब तेहतीस-साडेतेहतीसवर जातो, तुमच्या पंचवीसमध्ये बसत नाही.

तरी स्वच्छ आवाजाचं सांगतो. कोरस, डिले, कॉम्प्रेसर थेट मिक्सरला लावले तर फारसं बिघडत नाही. भांडण डिस्टॉर्शनपुरतंच.

वऱ्हाडी_ठेका
२६ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

मी ढोलकी वाजवतो, माझं काही पेडल नाही. पण एक इचारतो. देवीच्या मंडपात आपण चपला काढून वाजवतो. आमच्या गिटारवाल्याले लोखंडी पेडलवर उघडा पाय ठेवला की मुंग्या येतात म्हणते. आम्ही म्हणतो देवी आली. खरं काय?

सोल्डर_काका
२६ नोव्हेंबर, दुपारी २.३०

देवी नाही, अर्थिंग नाही. हसण्यावारी नेऊ नका.

गिटारची तार, पेडलची लोखंडी पेटी आणि केबलची वरची जाळी, हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं आणि मिक्सरपर्यंत जातं. मिक्सरला अर्थ नसेल तर त्या जाळीवर गळतीचे व्होल्ट येतात. ओल्या जमिनीवर उघडा पाय आणि हात तारेवर, म्हणजे मुंग्या. गाणाराच गिटार वाजवत असेल आणि ओठ माईकला लागला तर झटका बसतो, कधी जिवावरचा. वाजवण्याआधी एका हातानं टेस्टर गिटारच्या तारेला लावा, मग माईकच्या जाळीला. दिवा लागला तर साउंडवाल्याला उठवा. तो झोपला असेल तरी. आणि पायाखाली रबरी पायपुसणं. देवीला चालतं.

गुणगुण घालवायला काही जण प्लगची तिसरी पिन तोडतात. तसं कधीच करायचं नाही. गुणगुण लूपमुळे, म्हणजे ग्राउंड दोन रस्त्यांनी जोडला गेल्यामुळे असेल तर डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी) घ्या, त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते सिग्नलच्या वायरीचा ग्राउंड सोडवतं, लाईनची अर्थ तशीच राहते. साधा हजार-दीड हजाराला मिळतो. पेडल असो की मल्टी, हा खर्च दोन्हीकडे धरा.

आयटीआयवाला_पोरगा
२६ नोव्हेंबर, रात्री ९.०५

पेडल विकत कशाला घेता? घरी बनवा. ओव्हरड्राइव्हच्या आत ४५५८ नावाचा आठ पायांचा आयसी, चार-दोन डायोड, काही कपॅसिटर. आयसी तर चहाच्या भावात येतो. मी टीनच्या डबीत बनवला, तीनशे ऐंशी रुपयांत. सगळ्यात महाग काय असेल तर पायाचं बटण, दीडशेचं.

सोल्डर_काका
२६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

शाब्बास. डबीवर पाय देऊन पाहिलास का?

आयटीआयवाला_पोरगा
२६ नोव्हेंबर, रात्री ९.४४

चेपली. आता हातानं दाबतो.

झाडीतला_तारवाला
२७ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

मल्टी घेणार असाल तर एक सांगून ठेवतो, मला हे समजायला अर्धा सीझन गेला. घरी हेडफोन लावून सेटिंग करू नका. हेडफोनवर भरदार वाटणारा आवाज मंडपात नुसता घुमते, आणि डिले इतका जास्त होते की गाणारी बाई मागं वळून पाहते. दुपारी साउंड लागल्यावर दहा मिनिटं मागून घ्या, मोठ्या स्पीकरवर सेट करा. बास कमी, रिव्हर्ब (घुमारा) जवळपास शून्य, मंडप स्वतःच रिव्हर्ब देते. साध्या आवाजाचा आणि सोलोचा व्हॉल्यूम एकामागून एक वाजवून जुळवा. मल्टी बदनाम आहे ते अर्धं यामुळंच. लोक कंपनीची तयार सेटिंग तशीच वाजवतात.

आणि सेटिंग चारच ठेवा. शंभर आहेत म्हणून शंभर नको.

पुण्यातला_अकोलेकर
२७ नोव्हेंबर, दुपारी १.२०

हे मात्र पटलं. माझ्याकडे मल्टी होतं तेव्हा मी वाजवायचो कमी आणि सेटिंग जास्त करायचो. बायको विचारायची, रियाज करता की रेडिओ लावता.

पराटीतला_गिटारवाला
१९ डिसेंबर, रात्री १०.३०

घेतलं. झूमच घेतलं, साडेदहा. डीआय बॉक्स १,३००. दोन चांगल्या केबला १,६००. रिचार्जचे पेन्सिल सेल आठ अन् चार्जर, १,४००. एकूण १४,८००. दहा हजार दोनशे उरले. ते घरी परत दिले, तं आता मले विचारतात की आधी पंचवीस कायचे सांगितले होते.

पराटीतला_गिटारवाला
२२ जानेवारी, सकाळी ११.००

पटाच्या कार्यक्रमाचा अहवाल देतो.

दिवसभर बैलजोड्या, रात्री आम्ही. धूळ इतकी की मल्टीच्या बटणाभवती पिवळी रांगोळी झाली होती. साउंडवाल्यानं नेहमीसारखी पिन फेकली. मी म्हटलं थांब, डीआय लावतो. त्यानं डब्बी उलटीपालटी करून पाहिली अन् म्हणे हे कायचं औषध आहे. गुणगुण बटण दाबल्याबरोबर गेली. टेस्टर लावला, दिवा नाही लागला.

चार सेटिंग केल्या, पट्टी चिकटवून नावं लिहिली: साधा, लावणी, सोलो, पाऊस. पाऊस म्हणजे डिले-कोरसवाला. तिसऱ्या गाण्याले लाईन गेली, जनरेटर चालू होईपर्यंत पाच मिनिटं अंधार. माझी स्क्रीन तेवढी उजेडात होती. चुकून पाय लागून सोलोच्या जागी पाऊस लागला एकदा, पण ढोलकीवाल्यानं सांभाळून घेतलं. गिटार टोचते म्हणून कोणी बोललं नाही. ही पहिलीच खेप.

खोटं कायले बोलू, सोलोत तारवाला दादा म्हणतात ते जाणवलं. तार दाबल्यावर डीएस-१ जसं भांडते तसं हे भांडत नाही. गपगुमान ऐकते.

सोल्डर_काका
२२ जानेवारी, दुपारी १.४०

झकास. त्या डीएस-१ चं लेबल पाहिलं का? दोन महिने झाले विचारून.

पराटीतला_गिटारवाला
२५ जानेवारी, सायंकाळी ७.१५

काल वणीले गेलो होतो. पेडल मित्राच्या माळ्यावर, ज्वारीच्या कोठीमागं होतं. बुडाले लेबल आहे, अर्धं खरवडलेलं. एसीए लिहून आहे.

सोल्डर_काका
२५ जानेवारी, सायंकाळी ७.३०

वाटलंच होतं. ते पेडल कधी बिघडलंच नव्हतं.

बॉसची जुनी पेडलं एसीए नावाच्या अ‍ॅडॅप्टरसाठी होती, तो बारा व्होल्टचा. आतमध्ये ते व्होल्ट उतरवायची सोय केलेली असते. हल्लीचा अ‍ॅडॅप्टर सरळ नऊ व्होल्ट देतो, ते आत आणखी उतरतात आणि पेडल अर्धपोटी चालतं. दिवा मंद, आवाज मेलेला. बॅटरीचा रस्ता वेगळा असतो, म्हणून बॅटरीवर ठणठणीत. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं की बॅटरी टाकली की ठीक चालतं.

चौकोनी बॅटरी टाका आणि मल्टीच्या आधी जोडा. मल्टीतलं डिस्टॉर्शन बंद ठेवा, स्पीकरची नक्कल चालू ठेवा.

पराटीतला_गिटारवाला
२५ जानेवारी, रात्री ९.५०

जोडलं. भांडते! साठ रुपयाची बॅटरी.

मित्र म्हणते आता पेडल दे वापस.